घरातलं सर्वांत हळू बोलणारं माणूस

आगाशे सरांबरोबर कामाला जायचं म्हणजे दहा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस द्यायचा. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर पहिल्यांदा हेच आठवतं, आणि इतक्या दिवसांनीही पहिल्यांदा चिडचिडच होते.

आमची कंपनी लहान आहे. लोकांच्या घरातले दिवे, पडदे आणि गाणी भिंतीवरच्या कीपॅडवरून चालावीत अशी सोय आम्ही करून देतो. कीपॅड म्हणजे स्विचबोर्डच्या जागी बसणारी बटणांची एक पट्टी. स्पीकर छतात लपवलेले असतात, गाणी वाजवणारं यंत्र एखाद्या कपाटात कोंबलेलं असतं आणि प्रत्येक खोलीच्या दाराशी एक कीपॅड असतं. त्यातली दोन बटणं आवाजाची, एक वाढवायचं आणि एक कमी करायचं. बटण दाबल्यावर नेमकं काय व्हावं ते लॅपटॉपवर लिहिणं माझं काम. आणि वाढवायचं बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी आवाज कुठे थांबावा, ती मर्यादा ठरवणं आगाशे सरांचं. खरं म्हणजे असं वेगळं कामच नसतं. या धंद्यात सगळ्यांचा एक ठरलेला आकडा असतो. तो सगळ्या खोल्यांना टाकायचा, घरमालकाला बटणं दाखवायची आणि निघायचं.

सरांना तो आकडा मान्य नव्हता. आकडा मान्य नाही म्हणजे काय, असं मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की मी काय विचारलं ते त्यांना कळलं नाही, कारण इंग्रजी शाळेतल्या मुली "सॉरी" म्हणून वाक्य सुरू करतात, "थँक्यू" म्हणून संपवतात आणि मधलं स्वतःजवळच ठेवतात.

ते साठी ओलांडलेले होते. उभ्या रेघांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला टेस्टर आणि पायात कोणाच्याही घरात शिरताना चटकन काढता येतील अशा चपला. आधी कुठल्याशा कारखान्यात होते एवढं मला माहीत होतं. त्याच्या पलीकडे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कंपनीचा मालक निखिल माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठा. तो त्यांना काका म्हणायचा आणि ते त्याला "मालक" म्हणायचे. त्या "मालक"मध्ये आदर किती आणि टोमणा किती, हे निखिललाही शेवटपर्यंत कळलं नसावं.

घरात शिरलं की सर आधी सगळीकडे बसून बघायचे. नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढलेलं नसलं तरी त्यावर बसायचे. मग जेवणाच्या टेबलाच्या प्रत्येक खुर्चीवर, पलंगाच्या कडेला, स्वयंपाकघरात ओट्याशी उभे. एकदा तर देवघरासमोरच्या पाटावर मांडी घालून बसले आणि त्या घरच्या आजींना वाटलं, गुरुजी आले. माणसं कुठे बसणार ते कळल्याशिवाय आवाज लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. तोपर्यंत मी लॅपटॉप उघडून, चार्जरला प्लग शोधून, घरातल्या लोकांच्या नजरा चुकवत उभी.

मग यायचा त्यांचा प्रश्न. हडपसरला एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये तो मी पहिल्यांदा ऐकला. आईवडील, मुलगा, सून आणि दोन नातवंडं असं भरलेलं घर होतं. सरांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं आणि विचारलं, "घरात सर्वांत हळू कोण बोलतं?"

सगळे एकमेकांकडे बघून हसले. सासूबाई म्हणाल्या, मीच. ते खालच्या वॉचमनलासुद्धा ऐकू गेलं असेल. सासरे म्हणाले, आमच्याकडे हळू बोलून कोणाचंच काम होत नाही. मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढून विचारलं की याचा स्पीकरशी काय संबंध. सर कोणालाच उत्तर देत नव्हते. ते बघत होते सुनेकडे. ती पाण्याचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती. "त्या मघाशी काहीतरी म्हणाल्या," सर म्हणाले. ती म्हणाली होती, "मी." कोणी ऐकलं नव्हतं.

सरांनी तिला जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसवलं, कीपॅडवर बोट ठेवून स्वतः दुसऱ्या टोकाला उभे राहिले आणि गाणं सुरू केलं. म्हणाले, बोला. ती "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणायला लागली तर तिला थांबवलं. घरात कोणी कोणाला वन टू थ्री म्हणत नाही. रोज जे बोलता ते बोला. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "आमटी हवी का कोणाला?" सर आवाज थोडा थोडा वाढवत गेले आणि ती आमटी विचारत राहिली. तिची आमटी ऐकू येईनाशी झाली तिथून एक पायरी खाली येऊन सर मला म्हणाले, लिही. ती त्या घराची मर्यादा.

मुलाने बटण दाबून पाहिलं. मग कुरकुरला, की एवढ्याशा आवाजासाठी इतके स्पीकर कशाला घेतले.

"ते कोडं मलाही सुटलेलं नाही," सर म्हणाले. "पण घेतलेत तर आता राहू देत."

बाहेर पडल्यावर मी विचारलं की लोकांनी आपल्या पैशाने घेतलेल्या वस्तूचा आवाज ते का वाढवू शकत नाहीत. यावर त्यांच्याकडे एक लांबलचक उत्तर होतं आणि ते मी नंतर प्रत्येक जिन्यात, प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकलं. फोनवरून आवाज लावला तर तो फोन ज्याच्या हातात असेल त्याचा असतो. कीपॅड भिंतीवर असतं आणि भिंत घरातल्या सगळ्यांची. जाता येता कोणीही आवाज कमी करू शकतं, कोणाला विचारावं लागत नाही. म्हणून कमी करायचं बटण झटकन चाललं पाहिजे आणि वाढवायचं सावकाश, कारण कमी करणारा वैतागलेला असतो आणि वाढवणाऱ्याला थांबायला काही हरकत नसते. हे मला प्रत्येक घरात वेगळं लिहावं लागायचं. घरमालक विचारायचे, की वाढवायचं बटण बिघडलंय का, इतकं हळू का चालतं. सर म्हणायचे, विचार करायला वेळ देतंय.

बऱ्याचदा घर नवीन असायचं आणि माणसं अजून राहायला आलेली नसायची. मग सर्वांत हळू बोलणारं माणूस कुठून आणायचं, तर मी होतेच. "तुझ्याइतकं हळू पुण्यात कोणी बोलत नाही," असं सरांनी जाहीर करून टाकलं होतं. रिकाम्या दिवाणखान्याच्या टोकाला उभं राहून, सुतार, रंगारी आणि इलेक्ट्रिशियन यांच्या देखत मी म्हणायचे, "भाजी जरा इकडे सरकव." पलीकडून सर आवाज वाढवायचे. मी पुन्हा म्हणायचे, "भाजी जरा इकडे सरकव." माझ्यासारख्या, वर्गात हजेरीलासुद्धा तोंड न उघडता नुसता हात वर करणाऱ्या मुलीला हे रोज करावं लागत होतं. एका रंगाऱ्याने एकदा शिडीवरून विचारलं, ताई, भाजी कशाची? त्या दिवशी मी राजीनामा टाइप केला होता. पाठवला नाही, कारण राजीनाम्यानंतर निखिलशी समोरासमोर बोलावं लागलं असतं.

वाघोलीच्या एका बंगल्याचं प्रकरण तर माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मालक तरुण आणि हौशी. गच्चीवर पार्टी करायची तर आवाज फुल पाहिजे, तुमची मर्यादा वगैरे मला सांगू नका, असं त्याने आल्या आल्या बजावलं. सर म्हणाले की मग कीपॅड कशाला, दारात मांडव घाला, त्यात सगळंच येतं. निखिलने फोनवर मध्यस्थी केली आणि पार्टीसाठी एक वेगळं बटण द्यायचं ठरलं. सर इतक्या शांतपणे तयार झाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. खाली उतरल्यावर गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून त्यांनी मला लिहायला लावलं, की ते बटण दाबलं की आवाज फुल होईल आणि मग कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळूहळू, सबंध संध्याकाळभर खाली येत राहील.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. सर म्हणाले, पाहुण्यांची तर नाही.

पुढचे पंधरा दिवस मी त्या माणसाच्या फोनची वाट पाहत होते, शिव्या इंग्रजीत येतील की मराठीत याचा अंदाज करत. फोन आला तो कौतुकाचा. सिस्टिम एक नंबर आहे, पार्टी मस्त झाली, लोक जायलाच तयार नव्हते, गप्पा मारत बसले. निखिलने ते कौतुक स्पीकरवर लावून सगळ्या ऑफिसला ऐकवलं. सरांनी मान खाली घालून डबा उघडला. असं काही झालं की मला आनंद व्हायच्या ऐवजी जास्तच राग यायचा. चुकीच्या पद्धतीने वागून माणूस बरोबर ठरत राहिला तर त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

तक्रारी सुरू झाल्या त्या या सगळ्यानंतर. आधी एक, मग दोन, मग दर आठवड्याला. सगळ्यांचं एकच, वाढवायचं बटण दाबत राहतो पण आवाज वाढत नाही. निखिलला वाटलं कीपॅड खराब आलीत. ती बदलली. तरी तेच. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. त्याने अगदी सौम्यपणे विचारलं, सई, तुझ्या प्रोग्रॅममध्ये काही चुकतंय का? सौम्यपणे विचारलं की मला जास्त लागतं.

प्रोग्रॅममध्ये काही चुकत नव्हतं. सरांनी सांगितलेली मर्यादाच खाली आली होती. हडपसरच्या त्या सुनेला जो आवाज चालला असता त्याच्या निम्म्यावर सर आता मला "लिही" म्हणून सांगत होते. मला वाटलं म्हातारपणी हट्ट वाढलाय. उद्या गाणी बंदच करायला सांगतील.

मग एका रिकाम्या फ्लॅटमध्ये मी नेहमीसारखी टोकाला उभी होते. लॅपटॉप भिंतीकडच्या कट्ट्यावर होता, म्हणून सरांकडे पाठ करून मी म्हटलं, भाजी जरा इकडे सरकव. गाणं बारीक वाजत होतं. मी पुन्हा म्हटलं. मागून सर म्हणाले, "सई, बोल की." मी तिसऱ्यांदा म्हटलं. "अगं, बोल." मी वळून त्यांच्याकडे तोंड करून तेच वाक्य, तितक्याच आवाजात म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, हां, आता कसं.

त्यांनी गाण्याचा आवाज आणखी खाली आणला होता. त्यांना गाणं नीट ऐकू येत होतं. गाण्यातून माणूस ऐकू येत नव्हता.

हे कळल्यावर आधी हायसं वाटलं, की चूक माझी नाही. मग लगेच निखिलची ताकीद आठवली. निखिलने नुकतंच दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं, की काका, आणखी एक तक्रार आली की आपण घरोघरचं मोजणं बंद करू, सगळीकडे एकच आकडा टाकू. सर म्हणाले होते, मग घरी जायचं तरी कशाला, पोस्टाने पाठवून दे. पण बाहेर आल्यावर ते बराच वेळ स्कूटरची किल्ली या खिशातून त्या खिशात शोधत होते आणि ती हातातच होती. घराघरांत जाऊन तो प्रश्न विचारणं त्यांच्यापासून काढून घेतलं असतं तर त्यांच्याजवळ दुसरं काही उरलं नसतं. एवढं मला, त्यांच्यावर कायम चिडलेल्या मलासुद्धा, दिसत होतं.

मी सांगायचं ठरवलं. आठवडाभर वाक्य पाठ केलं. एका इमारतीत आम्ही दोघंच लिफ्टने जात होतो, तेव्हा सांगितलं, की सर, तुम्ही एकदा कान दाखवून घ्या. लिफ्टचा पंखा घरघरत होता. सर म्हणाले, हो हो, आधी काम करू, मग खाऊ. दुसऱ्यांदा त्यांच्या स्कूटरवर मागे बसले असताना सांगितलं. सगळं सांगितलं, तक्रारींचं, मर्यादेचं, पाठमोरं उभं राहिल्याचं. ते सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "पेट्रोल भरायचंय, आठवण कर."

त्यानंतर सुचेल तो उपाय केला. मी मोठ्याने बोलायला लागले. रिकाम्या घरात टोकाला उभी राहून, समोर तोंड करून, पोटातून आवाज काढून भाजी मागायचे. मर्यादा पुन्हा पहिल्या जागी आली. तक्रारी थांबल्या. निखिल खूश झाला. मला घरी तसंच बोलायची सवय लागली आणि आई विचारायला लागली, की ऑफिसात कोणाशी भांडण झालंय का. आणि सर? सर मला एक दिवस म्हणाले की माझ्यात फार सुधारणा आहे, आल्यापासून त्यांनी माझ्यावर घेतलेली मेहनत फुकट गेली नाही. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

हे असंच चालू राहिलं असतं. पण शनिवार पेठेतल्या एका नव्या इमारतीतून लिमये नावाच्या गृहस्थांचं काम आलं. बँकेतून निवृत्त झालेले, सकाळपासून गाणी लावून बसणारे. त्यांच्या पत्नीच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज जवळजवळ गेला होता. कुजबुज म्हणतात ना, तेवढाच उरला होता. नवऱ्याला हाक मारायची तर त्या स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायच्या. कीपॅड हवं होतं ते त्यांना. आपण बसतो त्या खुर्चीशेजारी भिंतीवर, हाताला येईल असं. आणि आवाजाला मर्यादा हवी होती. ओळखीच्या कोणाकडून त्यांना कळलं होतं की पुण्यात असे एक गृहस्थ आहेत, जे आधी घरातलं सर्वांत हळू बोलणारं माणूस कोण ते विचारतात.

सरांना तिथे विचारावं लागलं नाही. ते लिमयेवहिनींच्या खुर्चीत बसून पाहून आले, मग वहिनींना तिथे बसवलं आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कीपॅडपाशी उभे राहिले. हार्मोनियमच्या साथीने कोणीतरी संथ गात होतं. लिमयेसाहेब सोफ्याच्या हाताला टेकून जरा अपराधी चेहऱ्याने उभे होते. मी दाराशी. या घरात माझ्या मोठ्या आवाजाचा काही उपयोग नव्हता हे माझ्या लक्षात आलं, पण तोपर्यंत सर म्हणाले होते, बोला वहिनी.

वहिनी बोलायला लागल्या. सरांनी आवाज खाली आणला. वहिनी बोलत होत्या. आणखी खाली. त्यांच्या बोटाने ते बटण इतक्या सवयीने दाबलं जात होतं की गाणं पूर्ण थांबलं तेही त्यांना उशिरा कळलं असावं. खोलीत शांतता. खाली रस्त्यावर एक रिक्षा रिव्हर्स घेत होती, तेवढंच. सर मान पुढे काढून, अगदी आदबीने म्हणाले, "बोला ना वहिनी. संकोच करू नका."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, ती बोलतेय," लिमयेसाहेब म्हणाले. "केव्हाची बोलतेय. चहात साखर चालते का विचारतेय तुम्हाला."

सरांचं बोट बटणावरच होतं. ते माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण बघितलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग लिमयेसाहेबांना म्हणाले, "इकडे या. बोट ठेवा इथे. कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवा."

लिमयेसाहेब म्हणाले की त्यांना त्यातलं काय कळतं.

"ऐकायचं तुम्हालाच आहे," सर म्हणाले. "मी उगाच लोकांच्या वतीने ऐकत फिरलो."

मग ते जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. लिमयेसाहेबांनी गाणं सुरू केलं आणि बायकोकडे बघत आवाज वाढवू लागले. वहिनी बोलत होत्या, ते डोळे बारीक करून ऐकत होते, एखादी पायरी वर जात होते, दोन खाली येत होते. मध्येच त्या काहीतरी म्हणाल्या आणि ते हसले. मला म्हणाले, ही म्हणतेय सकाळपासून गॅस बदलायला सांगतेय. आम्ही कुठल्याच घरात लावला नसेल इतक्या खालच्या जागी त्यांनी बोट उचललं. मी लिहून घेतलं. सर खिडकीतून खाली बघत होते. आलेला चहा त्यांनी साखर घालूनच प्यायला, जो ते कधी पीत नसत.

खाली स्कूटरजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "केव्हापासून?"

मी म्हटलं, पावसाळ्यापासून तरी.

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं."

"कुठे?"

"एकदा लिफ्टमध्ये. एकदा याच स्कूटरवर."

त्यांनी क्षणभर विचार केला. "स्कूटरवर कोणी महत्त्वाचं सांगतं का?" म्हणाले आणि किक मारली. मला त्या क्षणी त्यांची स्कूटर ढकलून द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचायच्या आत त्यांनी निखिलला सांगून टाकलं होतं. निखिलने त्यांना ऑफिसात बसून शोरूम सांभाळायचं काम देऊ केलं. सर म्हणाले, येणाऱ्या जाणाऱ्याला बटणं दाखवत बसायचं तर मी मॉलमध्ये जाईन, तिथे एसी तरी बरा असतो. आणि गेले. निरोपाचा केक आणला होता तो आम्हीच खाल्ला.

मग मी फोन करायला लागले. मी, जी कोणालाच फोन करत नाही. ते उचलायचे नाहीत. उचलायच्या त्या काकू, त्यांच्या पत्नी. मी दर वेळी विचारायचे की कान दाखवले का, आणि काकू म्हणायच्या, पुढच्या आठवड्यात म्हणतायत. पुढच्या आठवड्यातही पुढच्याच आठवड्यात. एकदा काकूंचा संयम सुटला. म्हणाल्या, "अगं, हे घरात असले की मला पंखा बंद, रेडिओ बंद, खिडक्या बंद. मिक्सर तर वर्षभर लावू दिलेला नाही. मी ह्या वयात पाट्यावर वाटण करतेय. का, तर म्हणे तू बोललीस तर ऐकू यायला पाहिजे."

 काकू बोलतच होत्या. हल्ली सकाळी उठून शेजारच्यांचा पंपसुद्धा बंद करायला सांगून येतात, असं म्हणाल्या.

पुढे कधीतरी काकूंनीच त्यांना धरून नेलं आणि कानात घालायची यंत्रं घेतली. ते कळल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. मला बघितल्या बघितल्या त्यांनी तक्रारींचा पाढा सुरू केला. कानात कारखाना बसवलाय. कागद उलटला की छप्पर उडाल्यासारखं वाटतं. स्वतःचं चावणं ऐकू येतं, जे कोणाही सभ्य माणसाने ऐकू नये. आणि एवढं सगळं ऐकू येतंय, पण त्यातलं माणूस कुठलं आणि फ्रीज कुठला हे कळत नाही. डॉक्टर म्हणतो सवय होईल. त्याच्या कानात घालून बघायला हवं होतं एकदा. मी तासभर ऐकून घेतलं. त्यात दोनदा त्यांनी यंत्रं काढून डबीत ठेवली आणि दोनदा काकूंनी नुसतं बघितल्यावर पुन्हा घातली. माझी खात्री झाली की मी गेले की ती डबीतच राहणार.

मी निघाले आणि बाहेरच्या खोलीत चपला घालत होते, तेव्हा आत काकूंनी मिक्सर लावला. चटणीचं भांडं असावं, खडखडून आवाज आला. दारातून मला सर दिसत होते. त्यांचा चेहरा आक्रसला, हात कानाकडे गेला आणि यंत्राला धरून तिथेच राहिला. काकू ओट्याकडे तोंड करून पाठमोऱ्या उभ्या होत्या. झाकणावर हात दाबून धरत त्या काहीतरी म्हणाल्या. काय ते मला कळलं नाही.

"तिथे नाही, खालच्या कप्प्यात," सर तोंड वाकडं करून म्हणाले. "हिंगाच्या डबीमागे."

काकूंनी मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मिक्सर बंद केला नाही. त्याचं बटण पुढच्या खाचेत सरकवलं.